एक घड्याळ की आठ? छोट्या शॉपची ओईई

कुपवाड एमआयडीसीत सात-आठ मशिनची शॉप असेल आणि ओईई (मशिनच्या वेळेतला किती टक्के वेळ चांगले जॉब काढण्यात गेला तो आकडा) मोजायची असेल, तर सॉफ्टवेअरचा विचार नंतर करा. आधी वेळ कुठल्या घड्याळाची धरायची ते ठरवा.

पाळीतली ४५० मिनिटं कामाची, सायकल (एका जॉबला लागणारा वेळ) २ मिनिटांची, चांगले जॉब १६५. म्हणजे ४५० पैकी ३३० मिनिटं सार्थकी, ओईई ७३ टक्के. एवढा आकडा वहीतूनही निघतो. उरलेले २७ टक्के कुणामुळे गेले, हे मात्र मशिनच्या वेळा जुळल्याशिवाय कळत नाही.

समजा टर्निंग मशिनवर २:४० ला इन्सर्ट (कापणारं टोक) तुटला. पुढच्या व्हीएमसीला (उभ्या मिलिंग मशिनला) जॉब मिळेना, म्हणून ते २:४४ ला थांबलं. पण व्हीएमसीचं घड्याळ ५ मिनिटं मागे, त्याची नोंद २:३९ ची. रिपोर्टात आधी व्हीएमसीच थांबलेलं दिसतं आणि बोलणी खातो तिथला ऑपरेटर. हा अन्याय आहे, आणि असे दोन प्रसंग घडले की माणसं त्या रिपोर्टवर विश्वास ठेवणं कायमचं सोडतात.

वेळ नोंदवायचा पहिला रस्ता लॉगबुकचा. ते स्वस्त आहे, ‘का थांबलं’ हे त्यात नीट येतं. पण दोन-तीन मिनिटांचे थांबे कुणी लिहीत नाही. कारणांपुरती वही ठेवा, वेळेसाठी नको.

दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक मशिनचा कंट्रोलर नेटवर्कला जोडून ओपीसी यूए किंवा एमटीकनेक्टने (मशिनकडून डेटा घेण्याच्या ठरलेल्या पद्धतींनी) डेटा घ्यायचा. अलार्म, प्रोग्राम नंबर, सगळं मिळतं. वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवली की शॉपच्या नेटवर्कवर फरक मिलिसेकंदांत राहतो, ओईईला तेवढं भरपूर झालं. एनटीपी सर्व्हर शॉपमधल्याच पीसीवर ठेवा, म्हणजे इंटरनेट गेलं तरी सगळी मशिन एकाच वेळेवर राहतील. अडचण जुन्या कंट्रोलरची. त्यांची वेळ हातानेच लावावी लागते, आणि साधं क्वार्ट्झ घड्याळ दहा लाखांत २० भाग चुकलं तरी महिन्याला ५० सेकंद सरकतं. ‘पीसीवर डेटा पोचला ती वेळ धरू’ असं कुणी सुचवेल, पण नेटवर्क अडकून डेटा उशिरा आला की तीही वेळ खोटी.

तिसरा रस्ता मला सर्वांत आवडतो. प्रत्येक मशिनच्या सायकलचा आणि जॉब मोजण्याचा सिग्नल रिलेमधून एकाच पीएलसीत (सिग्नल वाचणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरमध्ये) किंवा गेटवेत (सिग्नल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्यात) आणायचा. घड्याळ एकच, त्यामुळे ते चुकलं तरी आधी कोण थांबलं हा क्रम चुकत नाही. मशिन वीस वर्षांचं असलं तरी चालतं. वायरिंगचा खर्च येतो, अलार्म कळत नाहीत. पण आठ मशिन एकाच शेडमध्ये असतील तर हेच घ्या. सगळे कंट्रोलर नवे असतील तर दुसरा रस्ता.

पीटीपी ही एनटीपीहून अचूक पद्धत मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ जुळवते. सर्व्हो मोटरींच्या तालमेळाला ती हवी, ओईईला त्यासाठी पैसे घालू नका.

गेटवे घेताना एक चाचणी समोर करून मागा: इंटरनेटची वायर काढून मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवायचा, मग चालू करून वेळ बघायची. आतल्या घड्याळाला बॅटरी नसेल तर गेटवे जुन्याच वेळेने उठेल.