पायथनचं आरएमट्री: आठ महिने रोज वापरल्यावर

बिल्डचे, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होताना बनणारे, जुने फोल्डर काढायला आठ महिने झाले माझी एक पायथन स्क्रिप्ट रोज रात्री चालते. फोल्डरात फोल्डर, त्यात परत फोल्डर, नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्टच्या लायब्ररींचा फोल्डर) ज्यांनी उघडून बघितलंय त्यांना कळेल. आधी पायथनचं ओएस.आरएमडिर वापरून बघितलं, पण ते फक्त रिकामा फोल्डर काढतं. मग फोल्डरांमधून फिरणाऱ्या ओएस.वॉकला टॉपडाउन फॉल्स देऊन तळापासून वर डिलीट करत येणारा लूप लिहिला, चालला पण तो, पण पायथनच्याच शटिल मॉड्यूलमधलं आरएमट्री तेच एका ओळीत करतं म्हटल्यावर लूप काढून टाकला.

लिनक्सवर फार त्रास नाही. विंडोजवर मात्र पहिल्याच आठवड्यात परमिशन एरर, आणि दरवेळी गिटच्या (कोडचे बदल जपून ठेवणारं टूल) फोल्डरवरच! गिट आपल्या ऑब्जेक्ट फाइल्स रीड-ओन्ली ठेवतं, विंडोज तशी फाइल डिलीट करू देत नाही, लिनक्स मात्र फाइलची नाही तर ती ज्या फोल्डरात आहे त्याची परमिशन बघतं, म्हणून तिथे हे जाणवतच नाही. वैतागून मी आरएमट्रीचं इग्नोर एरर्स ट्रू करून टाकलं, म्हणजे एरर आला तरी गप्प पुढे जायचं, आणि ते प्लीज कोणी करू नका, कारण स्क्रिप्ट रोज व्यवस्थित संपायची आणि डिस्क भरत राहायची, तीन आठवड्यांनी बिल्ड अडकल्यावर कळलं. आता एरर आला की चालणारं फंक्शन दिलंय, ते सीएचमॉड करून (म्हणजे रीड-ओन्ली काढून) परत डिलीट करतं. पायथन 3.12 पासून असं फंक्शन द्यायला ऑनएक्ससी आहे, जुनं ऑनएरर डेप्रिकेट झालं, म्हणजे आता ते वापरू नये. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडी धरली असेल तर मात्र सीएचमॉडचा उपयोग नाही, तिथे थोडं थांबून परत ट्राय करायचं.

सिमलिंकची (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) भीती होती, पण आत सिमलिंक असेल तर फक्त लिंक जाते, मूळ फोल्डर राहतो. विंडोजच्या जंक्शनसाठी (तिथली फोल्डरची तशीच लिंक) हे पायथन 3.8 पासून, त्याआधीचं व्हर्जन असेल तर जपून.

खरी भीती पाथची, म्हणजे काय काढायचं त्या पत्त्याची आहे. रीसायकल बिन वगैरे काही नाही, गेलं ते गेलं. रिकामी स्ट्रिंग दिली तर एरर येतो, पण तीच पाथलिबच्या (पायथनचं पाथ हाताळणारं मॉड्यूल) पाथमधून गेली की त्याचा अर्थ चालू फोल्डर होतो आणि आतलं सगळं साफ! म्हणून मी आधी रिझॉल्व्ह करतो, म्हणजे पूर्ण खरा पाथ काढतो, पाथ बिल्डच्या फोल्डरच्या आतलाच आहे ना ते इज रिलेटिव्ह टू ने तपासतो, आणि खुद्द बिल्डचा फोल्डर आला तरी थांबतो, कारण त्यालाही ते ट्रूच म्हणतं.