मिरकरवाड्याचं बोट इंजिन वर्कशॉप: मेकॅनिकल इंजिनिअरिंगवाल्यांनी सुट्टीत नक्की जा

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर बोटींची इंजिनं खोलतात त्या वर्कशॉपपैकी जेटीजवळच्या एकात मी यंदा सुट्टीत काम शिकलो, म्हणून हा रिव्ह्यू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि वर्षभराचं सगळं ओव्हरहॉलिंग याच काळात उरकायचं, त्यामुळे माणसं कमी पडतात आणि शिकायला आलेल्या पोरांना खरंखुरं काम मिळतं.

वर्कशॉपवाले चाचा शिकवतात एकदम भारी. टॅपेट (इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्यात ठरावीक फट ठेवावी लागते) सेट करायचा तर आधी स्वतः सेट केलेल्या टॅपेटमध्ये आपल्याला फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पट्टी सरकवायला लावतात, "हाताला कसं लागतंय ते ध्यानात ठेव", आणि मग शेजारचा आपण करायचा. मनासारखं होईपर्यंत लॉकनट आवळू देत नाहीत. माझ्याबरोबर वर्गातली मैत्रीण होती, तिलाही पहिल्यापासून पाना हातात, नुसतं बघत बसणं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते झिंकचं. सुकाणूजवळ झिंकचे ठोकळे लावतात, खारं पाणी आधी त्यांना खातं म्हणून बोटीचा पंखा (प्रोपेलर) आणि त्याचा शाफ्ट वाचतो. जुना ठोकळा काढला तर नुसता पोखरलेला, हाताला टोचतो, वजन पार गेलेलं. सॅक्रिफिशियल अ‍ॅनोड (म्हणजे असाच स्वतः झिजून दुसरा धातू वाचवणारा तुकडा) फर्स्ट इयरला मार्कांसाठी पाठ केलेला, पण बोट रंगवताना त्याला चुकूनही रंग लागू द्यायचा नाही, लागला तर पाण्याशी संबंध तुटून तो कामच करत नाही, हे चाचांनी ब्रश थांबवून सांगितलं तेव्हा डोक्यात बसलं.

याआधी एका ठिकाणी पैसे भरून इंटर्नशिप केलेली, तिथे पीपीटी दाखवली, सर्टिफिकेट दिलं, बोल्टला हात लावू दिला नाही. घरच्यांचे पैसे गेले त्याचं अजून वाईट वाटतं.

कमी काय? लेटरहेडवर सर्टिफिकेट मिळत नाही, कॉलेजला चालेल का ते आधी विचारून घ्या. फ्युएल पंप आणि नोझल बाहेर पंप दुरुस्तीवाल्याकडे जातात, ते शिकायला मिळत नाही. बाथरूमची सोय नाही, मुलींना फार अडचण होते, हे खरंच सुधारायला हवं. सिव्हिलवाल्यांना इथे विशेष काही नाही, त्यांनी कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल बघा, ६४ मीटर उंच आणि गर्डर एका बाजूने ढकलत ढकलत पुढे नेलेला.

माझ्याकडून ५ पैकी ४. मे महिन्यातच जाऊन चाचांशी बोला, जूनमध्ये त्यांना मान वर करायला वेळ नसतो. सेफ्टी शूज आपले आपण न्या.