दुसरीच्या वर्गासाठीचे पालक-ॲप : एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

माझी मुलगी यंदा नाशिकमधील मराठी माध्यमाच्या एका खाजगी शाळेत दुसरीत होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच पालकसभेत आम्हाला सांगण्यात आले की, वर्गात रोज काय शिकवले जाते हे पालकांना घरबसल्या कळावे म्हणून शाळेने एक मोबाइल ॲप घेतले असून त्यासाठी फीबरोबर वर्षाचे ३५० रुपये भरायचे आहेत. जूनपासून एप्रिलपर्यंत मी ते रोज उघडले, त्यातील प्रत्येक सोय वापरून पाहिली आणि दोन वेळा कंपनीच्या मदत-कक्षाशी पत्रव्यवहारही केला. ॲपचे नाव येथे देत नाही. नातेवाइकांच्या फोनवर अशी आणखी तीन ॲपे मी पाहिली आणि त्यांची मांडणी इतकी सारखी आहे की पुढील बहुतेक मुद्दे त्यांनाही लावून पाहता येतील.

प्रथम जे चांगले आहे ते सांगते. हजेरी घेतल्यानंतर काही मिनिटांत मूल वर्गात पोहोचल्याचा संदेश येतो आणि रिक्षाने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी त्या संदेशाची खरोखर वाट पाहिली जाते. पावसामुळे शाळा सोडून दिल्याची सूचना दोन्ही वेळा वेळेवर आली. फीची पावती, सुट्ट्यांची यादी, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाची सूचना हे सर्व एका जागी सापडते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात अशी सूचना इतर संदेशांखाली गाडली जात असे, तो त्रास संपला. एवढ्यासाठीच ॲप घेतले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

परंतु ते घेतले होते रोजच्या शिकण्याची माहिती देण्यासाठी, आणि त्याच ठिकाणी ते कमी पडते. 'वर्गकार्य' या पानावर रोज दुपारी विषयवार नोंदी दिसतात. त्यांचा नमुना असा : मराठी, कविता, पूर्ण. गणित, संख्यावाचन ५१ ते ६०, पूर्ण. इंग्रजी, यमक जुळणारे शब्द, अपूर्ण. या नोंदी वाचून आजचा दिवस वर्गात कसा गेला, मुलांना काय जमले आणि कुठे अडले, यांतले काहीही पालकाला कळत नाही.

जुलैमधील एका संध्याकाळी मी मुलीला ५३ ही संख्या वाचायला सांगितली. ती म्हणाली, "पन्नास तीन." मी म्हटले, "त्रेपन्न म्हण." त्यावर तिचे उत्तर आले, "बाईंनी सांगितलंय, पन्नास तीन पण बरोबर आहे." माझ्या सासूबाई जवळच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "असं कुठं असतं का गं?" अर्धा तास आम्ही दोघी तिला आमच्या पद्धतीने म्हणायला लावत राहिलो आणि ती रडकुंडीला आली. चूक आमची होती. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासूनच्या संख्या नेहमीच्या नावांबरोबर 'वीस एक', 'पन्नास तीन' अशाही वाचायला दिल्या होत्या, आणि त्यावरून तेव्हा राज्यभर चर्चा झाली होती. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि लिहिताना मात्र पाच आधी येतो, शिवाय या नावांत जोडाक्षरेही बरीच असतात, त्यामुळे लहान मुलांचा गोंधळ होतो, असे त्यामागचे कारण गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी समजावून सांगितले होते. आमच्या बाई वर्गात दोन्ही पद्धती घेत होत्या आणि आधी स्थानिक किंमत पक्की करून मग नेहमीच्या नावाकडे जात होत्या. ही गोष्ट दोन वाक्यांत कळवता आली असती. ॲपवर त्या दिवशीची नोंद होती : 'संख्यावाचन ५१ ते ६०, पूर्ण'.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी बाईंना भेटले. त्यांनी स्वतःच्या फोनवर नोंदीचे पान उघडून दाखवले, तेव्हा खरी अडचण लक्षात आली. विषय आणि घटक यांची यादी कंपनीने आधीच भरून दिलेली आहे. शिक्षिकेने त्यातून एक ओळ निवडायची आणि 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' यावर बोट ठेवायचे. शेरा लिहिण्याची जागा आहे, पण ती इतकी तोकडी की मराठीतले एक नीटसे वाक्य त्यात मावत नाही. म्हणजे बाईंना सांगायचे होते आणि मला ऐकायचे होते, पण मध्ये उभ्या असलेल्या साधनाची रचना अभ्यासक्रम किती संपला हे मोजण्यासाठी केलेली होती. अशी मोजणी मुख्याध्यापकांना उपयोगाची असेल. ज्या घरात मूल संध्याकाळी दप्तर उघडून बसते, त्या घराला तिचा उपयोग नाही.

ऑगस्टपासून बाईंनी स्वतःच एक वाट काढली, आणि या वर्षात ॲपबद्दल माझे मत काही अंशी सुधारले ते त्यामुळेच. शाळा सुटण्यापूर्वी फळा पुसण्याआधी त्या त्याचे एक छायाचित्र काढत आणि ते 'सूचना' या पानावर टाकून खाली एकच ओळ लिहीत : आज घरी हे विचारा. पहिले छायाचित्र मी जपून ठेवले आहे. वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट ३६, हजर ३३. मधोमध खडूने काढलेले काड्यांचे चार गठ्ठे आणि बाजूला सात सुट्या काड्या. त्याखाली कोणा मुलाने तिरप्या अक्षरात लिहिलेले ४७, ज्यातला सात आधी उलटा काढून मग सुधारलेला दिसतो. ओळ होती : 'दहा काड्यांचा एक गठ्ठा करून ४७ दाखवायला सांगा आणि एक गठ्ठा सोडला तर काय होईल ते विचारा.' त्या संध्याकाळी केरसुणीच्या काड्या मोडून आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत गठ्ठे बांधत बसलो. दुसऱ्या एका दिवशी मुलांनी आवारातील झाडांची पाने गोळा करून त्यांच्या कडा पाहिल्या होत्या, तेव्हा कढीपत्ता आणि तुळस यांच्या पानांत काय फरक आहे हे विचारायला सांगितले होते. "आज शाळेत काय शिकवलं?" या प्रश्नाला पूर्वी आमच्याकडे "काही नाही" हे ठरलेले उत्तर होते. विचारायला नेमके काहीतरी हाती आल्यावर तीच मुलगी बोलायला लागली, आणि मग ओळीत नसलेल्या गोष्टीही सांगू लागली.

हे छायाचित्र आणि ही ओळ यांना बाईंची पाच मिनिटे लागतात, तर ॲपमधील सर्व रकाने भरायला रोज पाऊण तास जातो, असे त्यांनी दिवाळीपूर्वीच्या पालकसभेत सांगितले. तो पाऊण तास वह्या तपासण्याच्या वेळेतून जातो, ही माझ्या दृष्टीने या ॲपची सर्वांत मोठी किंमत आहे. ३५० रुपये त्यापुढे किरकोळ आहेत.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत लागू झाली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा तंत्रांतून मुलाकडे पाहायचे आणि त्याच्याबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या, हे शिक्षक तेव्हापासून करत आले आहेत. पालकाला खरी हवी असलेली माहिती शाळेत अशी आधीपासून लिहिली जाते, पण ती आमच्या हाती सत्र संपल्यावर प्रगतिपुस्तकातून येते. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात पहिल्या सत्राची नोंद होती : 'ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते. जोडाक्षरे असलेले शब्द वाचताना अडखळते.' यातले दुसरे वाक्य ऑगस्टमध्ये कळले असते तर आम्ही रोज दहा मिनिटे तिच्याबरोबर वाचायला बसलो असतो. ॲपमध्ये अशा नोंदींना जागाच नाही. त्याऐवजी 'प्रगती ७८ टक्के' असे दाखवणारे एक रंगीत वर्तुळ आहे, आणि ते कशाचे आहे हे विचारल्यावर मदत-कक्षाकडून उत्तर आले की, ते वेळेत पूर्ण केलेल्या गृहपाठाचे प्रमाण आहे. गृहपाठाच्या प्रमाणाला प्रगती म्हणणे चुकीचे आहे आणि कंपनीने ते तातडीने बदलावे.

चांदण्या देण्याची सोयही याच जातीची आहे. शांत बसल्याबद्दल, डबा संपवल्याबद्दल मुलांना चांदण्या मिळतात आणि पालकांना इतर मुलांच्या चांदण्याही दिसतात. सात वर्षांच्या मुलाला घरी आल्यावर "तुला दोनच का?" असे विचारले जाणे बरे नव्हे. आमच्या बाईंनी सप्टेंबरनंतर त्या देणे थांबवले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता फोनचा प्रश्न. ॲप एका मुलामागे एकच क्रमांक घेते, आणि शाळेच्या नोंदीत तो बहुतेक घरांत वडिलांचा असतो. आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पाळीने काम करतात. संदेश दुपारी येतो आणि फोन घरी पोहोचतो रात्री, मूल झोपल्यावर. आमच्याकडे फोन माझा आहे, पण मीही नोकरी करते, आणि दुपारी मुलीचा अभ्यास घेतात तिच्या आजी, ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. दुसरा क्रमांक जोडता यावा आणि तीच ओळ साध्या लघुसंदेशानेही यावी, अशी विनंती मी नोव्हेंबरमध्ये केली. पुढील आवृत्तीत विचार करू, असे उत्तर मिळाले. एप्रिलपर्यंत ती सोय आली नव्हती. अखेर बाईंनीच ती ओळ फळ्यावर लिहून मुलांकडून रोजनिशीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. सासूबाई चष्मा लावून ती ओळ मोठ्याने वाचतात, नातीच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतात आणि खाली सही करतात. ॲप नसलेल्या घरांतही ती ओळ त्याच दिवशी पोहोचते.

छायाचित्रांबाबत प्रत्येक पालकाने शाळेला एकदा स्पष्ट विचारावे. वर्गातील कार्यक्रमांची छायाचित्रे ॲपवर येतात तेव्हा ती साठवतो कोण, किती दिवस, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर त्यांचे काय होते, याची माहिती आम्हाला प्रवेशाच्या वेळी दिली गेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. फळ्याच्या छायाचित्रात मुलांचे चेहरे नसतात, म्हणूनही मला तो मार्ग अधिक पटतो.

गुणच द्यायचे तर सूचना आणि हजेरी यांसाठी मी या ॲपला पाचपैकी साडेचार देईन आणि रोजच्या शिकण्याच्या माहितीसाठी दीड, तोही बाईंनी 'सूचना' पानाचा जो उपयोग करून दाखवला त्याबद्दल. पुढील वर्षी पैसे भरायला माझी हरकत नाही, मात्र 'वर्गकार्य' पानावरील रकाने भरण्याची सक्ती शाळेने काढून टाकावी असे पत्र मी मुख्याध्यापिकांना दिले आहे. मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल, वर्गशिक्षिका बदलतील. नव्या बाईंना पहिल्या पालकसभेत भेटेन तेव्हा यंदाची रोजनिशी बरोबर नेणार आहे. काड्यांचे गठ्ठे आणि कढीपत्त्याचे पान ज्या दिवशी आले, ती दोन पाने मी दुमडून ठेवली आहेत.