मिरजेचा तंबोरा आणि रीपरमधील मूळ इफेक्ट्स

सांगलीतील राहत्या घरी ख्यालाचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी मी वर्षभरापासून कोकोस कंपनीचे रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो. त्याची ६० दिवसांची चाचणी विनामूल्य असून घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरना मिळतो. सोबत येणाऱ्या इफेक्ट्सवरच (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या साधनांवरच) सगळे काम भागवायचे, एकही प्लगइन वेगळा विकत घ्यायचा नाही, असे मी ठरवले होते.

या इफेक्ट्सचा खरा कस लागला तो तंबोऱ्यापाशी. मिरजेत घडलेल्या आमच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकण्याची ठेवण, अशी लागली आहे की एका खर्जाच्या तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत राहतात. वैशाखात पंखा बंद करून तासभर गाणे शक्य नसते. त्यामुळे पंख्याची घरघर घालवावी, पण हे स्वर मरू नयेत, एवढीच माझी अपेक्षा होती. रिआगेटचा, म्हणजे पातळी खाली गेली की आवाज बंद करणाऱ्या इफेक्टचा, येथे उपयोग नाही, कारण तंबोरा थांबत नाही आणि गेट मिटण्याची वेळच येत नाही. रिआफिरची सबट्रॅक्ट पद्धत मात्र फार चांगली आहे: ती नको असलेल्या आवाजाचा नमुना घेते आणि त्या त्या वारंवारतेवर तेवढा भाग वजा करते. नमुना तंबोरा छेडण्यापूर्वीच्या आठ-दहा सेकंदांचाच घ्यावा आणि तो मिळताच नमुना घेण्याची खूण काढून टाकावी. पहिल्या खेपेस माझ्याकडून ती तशीच राहिली. तंबोऱ्याचा अखंड स्वरही नमुन्यात शिरला आणि जवारी पार पुसली गेली.

निरनिराळ्या वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या रिआ-ईक्यूबाबतही अशीच दक्षता हवी. गायनासाठी सर्रास सुचवला जाणारा ८० ते १०० हर्ट्झचा हायपास (त्याखालच्या वारंवारता कापणारी गाळणी) गळ्याच्या ट्रॅकवर चालतो. परंतु काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असल्याने त्या ट्रॅकवर मी ४० च्या वर जात नाही. लहान-मोठ्या आवाजांतील फरक कमी करणारा रिआकॉम्प २:१ या प्रमाणात पुरतो. त्यापुढे मंद्रातील आलाप आणि तारसप्तकातील तान एकाच उंचीच्या वाटू लागतात.

रिआट्यूनची स्वयंचलित दुरुस्ती गळ्याला जवळच्या ठरीव स्वराकडे ओढते. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार एका जागी स्थिर करणे म्हणजे तो रागच घालवणे होय, म्हणून ख्यालासाठी ती मी कधीही वापरणार नाही. याउलट रिआव्हर्बने मला मनापासून आनंद दिला. एखाद्या वास्तूत वाजवलेल्या टाळीचे ध्वनिमुद्रण त्यात घालून त्या वास्तूचा घुमारा आवाजाला देता येतो. कृष्णाकाठच्या एका सभामंडपातील दगडी घुमारा मी असाच घरी आणला आणि गळ्यावर अगदी थोडा ठेवला.

पेटीच्या भात्याचा श्वास मात्र यांपैकी कशानेही जात नाही, कारण तो सलग नसून प्रत्येक वेळी निराळा असतो. त्यासाठी मी आता मायक्रोफोन भात्यापासून दूर, सुरांच्या पट्ट्यांच्या बाजूला ठेवतो.