मॅग्नेट खोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

बाबांचं जॉन्सनचं मशीन माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. दोन सिलिंडरचं, दोरी खेचून चालू करायचं, होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड इंजिन. आमच्या मुंबईच्या वेसाव्यात आता सगळीकडे नवी मशीनं दिसतात, पण बाबांनी हे कधी विकलं नाही. दोन वर्षं ते पडवीत गोणपाटात गुंडाळून पडलं होतं. गेल्या वर्षी १ जूनला मासेमारीबंदी लागली, तेव्हा मीच म्हटलं की ३१ जुलैपर्यंत हे नीट करून घेऊ आणि त्याची इलेक्ट्रिक, म्हणजे ठिणगीचं आणि वायरिंगचं सगळं सामानही नवं करू. त्यात ४६,५०० रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण बाबा आणि काका एका संध्याकाळी खाडीच्या तोंडावर अंधारात अडकले, ते मी विसरू शकत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरच्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

मेकॅनिक दारूखान्याकडच्या एका गल्लीतला. बोलायला गोड. "बाबा, असं मशीन आता बघायला मिळत नाही, घरच्यासारखं काम करून देतो," असं पहिल्याच भेटीत म्हणाला. मग मला समजावलं, "ताई, जॉन्सन-एव्हिनरूडची कंपनी केव्हाच बुडाली, पॉइंटचं सामान आता जगात कुठेच बनत नाही. इलेक्ट्रॉनिक करावंच लागेल." पॉइंट म्हणजे मशीनच्या आत उघडझाप करून ठिणगी पाडणारे जुन्या पद्धतीचे संपर्क. त्याच्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं. ती मूळ अमेरिकन कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि पुढे ज्यांनी एव्हिनरूड घेतलं त्यांनीही २०२० मध्ये ती मशीनं बनवणं थांबवलं. पण या जुन्या मशीनचे पॉइंट, कंडेन्सर आणि ठिणगीला करंट देणारी कॉइल दुसरे उत्पादक अजून बनवतात. हे मला नंतर कळलं. खऱ्याला चिकटवून सांगितलेलं खोटं आम्हाला ओळखता आलं नाही.

त्याने हिशेब दिला तो असा: सीडीआय किट (पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक ठिणगीचं सामान) २१,०००, रेग्युलेटरसकट चार्जिंग ८,५००, मरीन वायरिंग ७,०००, कार्बोरेटर, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, रंग आणि मजुरी मिळून १०,०००. साध्या कागदावर, ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर. अर्धे पैसे आगाऊ दिले. जून गेला, जुलै गेला. फोन केला की "सामान कस्टममध्ये आहे, ताई." मशीन हातात आलं ते नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी. घरात गडबड, कोळीवाड्यात गडबड, कुणाला खोलून बघायला वेळ नाही. आज मला खात्री वाटते की तो त्याच दिवसांची वाट बघत होता.

त्याच्या गाळ्यात पाण्याच्या पिंपात मशीन उभं करून त्याने आमच्यासमोर दोरी खेचली. दुसऱ्या खेचेला चालू. पांढरा रंग चकचकीत, बाजूला काळा डबा बसवलेला, त्यावर सीडीआय असं स्टिकर. वायरचं टोक कापून दाखवलं, चांदीसारखं पांढरं. "बघा ताई, कल्हईची मरीन वायर." बाबांचे डोळे भरून आले होते. मी तिथल्या तिथे उरलेले पैसे पाठवले.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला बाबा आणि काका मढच्या बाजूला गळ टाकायला गेले होते. परतताना पाऊण तास मशीन चाललं आणि गरम झाल्यावर खोकून बंद पडलं. थंड झालं की चालू व्हायचं, पाच मिनिटांत परत बंद. ओहोटी लागलेली, होडी खाडीतून बाहेर ओढली जात होती. तेवढ्यात दिवाही गेला. अंधारात येणाऱ्या मोठ्या बोटीला आपण दिसत नाही, याची भीती समुद्रावर गेलेल्यालाच कळेल. काकांनी फोनचा टॉर्च हलवत ठेवला म्हणून आमच्याच वाड्यातल्या एका नाखव्याने बघितलं आणि दोर टाकून ओढून आणलं.

दुसऱ्या दिवशी मशीन आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी पुलर लावून फ्लायव्हील काढलं, म्हणजे मशीनच्या डोक्यावरचं फिरणारं जड चाक, मेकॅनिक लोक ज्याला मॅग्नेट म्हणतात ते. खाली जुने पॉइंट जसेच्या तसे. त्या काळ्या डब्यातून आलेल्या दोन वायर आत जाऊन टेपमध्ये गुंडाळून संपल्या होत्या, कशालाच जोडलेल्या नव्हत्या. डबा फोडला तर आत नुसतं एम-सील. एकवीस हजारांचं एम-सील.

त्याहून वाईट गोष्ट बाबांनी ओळखली. सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः दोन्ही कॉइल नव्या टाकल्या होत्या आणि प्रत्येकीच्या काळ्या अंगावर सुईने छोटी होडी कोरली होती. आता तिथे होत्या त्या तडे गेलेल्या, कुणाच्या तरी भंगारातल्या. अशी कॉइल थंड असताना करंट देते, गरम झाली की सोडून देते, म्हणूनच पिंपात मशीन छान चाललं. जॉन्सन-एव्हिनरूडच्या जुन्या काळातल्या पुष्कळ मॉडेलना एकच कॉइल चालते, त्यामुळे चांगली कॉइल काढून विकणं सोपं असतं.

वायरचा प्रकारही मामांनी दाखवला. खरी मरीन वायर म्हणजे कल्हई केलेलं तांबं. तार बाहेरून पांढरी, पण कापलेल्या तोंडावर मध्ये लाल दिसते. ब्लेडने खरवडली तरी आत तांबडी. आमची तार आरपार पांढरी, म्हणजे आत ॲल्युमिनियम. लायटर धरला तर वितळून गोळा झाला. खाऱ्या हवेत तिचे जोड आतून पिठासारखे झाले होते, दिवा त्यामुळेच गेला. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. बॅटरीला जाणारा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटरही नव्हता, नुसता एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर. मशीन रेसवर ठेवून बॅटरीला मीटर लावलं तर १७ व्होल्टच्या वर. बारा व्होल्टच्या बॅटरीला साडेचौदाच्या आसपास थांबायला हवं. आमची बॅटरी कुशीवर फुगली होती.

तुम्ही मशीन देत असाल तर आधी मॅग्नेट खोलून आतले फोटो काढा, सामानावर तुमची खूण करा. काढलेलं प्रत्येक जुनं सामान परत मागा. आमचं "भंगारात गेलं" म्हणाला, तेव्हाच मी अडून बसायला हवं होतं. पिंपातल्या दोन मिनिटांवर विश्वास ठेवू नका, पाण्यात तासभर चालवून मगच शेवटचे पैसे द्या.

तो आता फोन उचलत नाही. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसल्यामुळे आमची बाजू पैसे पाठवल्याच्या नोंदी, त्याचे मेसेज आणि मामांनी खोलताना माझ्या भावाने काढलेला व्हिडिओ यांवर उभी आहे. तारीख पडली आहे.

मामांनी दुसऱ्या कॉइल टाकून पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरला लावून दिली, मशीन चालतं. बाबांच्या कॉइल मात्र मिळाल्या नाहीत. मुंबईत कुठे जॉन्सनची जुनी कॉइल तुमच्या हातात आली आणि तिच्यावर सुईने कोरलेली छोटी होडी दिसली, तर ती आमची आहे.