‘शंभरचे एकशे ऐंशी’: किनाऱ्यावर मासे खाताना बिल कुठे फुगतं

टेबलापाशी बर्फाचा ट्रे येतो. त्यात एक लांबसडक सुरमई, दोन पापलेट, ओंजळभर टायगर कोळंबी आणि काथ्याने बांधलेले दोन खेकडे. ‘दादा, सकाळचीच आहे, डोळे बघा.’ भाव विचारला की वेटर सुरमईकडे बोट दाखवून म्हणतो, ‘एकशे ऐंशी.’ पाच माणसांचं कुटुंब मनातल्या मनात पाच प्लेटचे नऊशे धरतं आणि मान डोलावतं. तासाभराने बिलात एकट्या सुरमईचे २,५२० रुपये लागलेले असतात. वाद घातला तर उत्तर तयार असतं, ‘शंभर ग्रॅमचे सांगितले होते.’

तारकर्ली-देवबागपासून अलिबाग-नागावपर्यंत आणि खाली गोव्याच्या शॅकवरही या फसवणुकीचा साचा हाच आहे. त्यात धड खोटं असं कोणी बोलत नाही, म्हणूनच ती पचते. मेनूकार्डावर माशापुढे भाव नसतो, ‘साइजप्रमाणे’ किंवा नुसतं ‘एपीएस’ (‘ॲज पर साइज’) लिहिलेलं असतं. आता हा आकडा कसा तयार झाला ते पाहू.

सुरमई होती सव्वा किलोची. शंभरला १८० म्हणजे तिचेच २,२५० झाले. वर तिचं वजन ट्रेसकट केलं. ट्रे आणि त्यातला बर्फाचा चुरा मिळून दीडशे ग्रॅम, म्हणजे आणखी २७० रुपये. शिवाय वजन अख्ख्या, न साफ केलेल्या माशाचं. डोकं, आतडी, कल्ले काढल्यावर सव्वा किलोच्या सुरमईत साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास मास उरतं. अख्ख्या माशाचं वजन लावण्यात गैर काही नाही, बाजारातही तसंच लावतात. पण मग भावही त्याच हिशेबाचा हवा. बाजारात अख्ख्या सुरमईचा त्या दिवशीचा किलोचा भाव काय चालला आहे, हे मुक्कामाच्या घरी सकाळी विचारून ठेवावं. हॉटेलने त्याच्या दुप्पट लावले तर गॅस, तेल, मजुरी, भाडं धरून ते समजण्यासारखं आहे. तिप्पट-चौपट लावले की उठावं.

म्हणून ट्रे समोर आला की तीन गोष्टी, याच क्रमाने. पहिली, ‘या अख्ख्या माशाचे, फ्राय करून, सगळे मिळून किती?’ असं विचारायचं आणि एकच आकडा घ्यायचा. शंभरचा भाव ऐकून घ्या, पण मान्य करू नका. दुसरी, काटा टेबलाशी किंवा काउंटरवर डोळ्यांदेखत. रिकामा ट्रे ठेवून शून्यावर आणायला सांगायचा, मगच मासा. ‘काटा आत किचनमध्ये आहे’ हे उत्तर आलं तर तिथे वजनावर काही घेऊच नये. तिसरी, ठरलेला आकडा ऑर्डरच्या चिठ्ठीवर माशाच्या नावापुढे लिहून घ्यायचा. हे सांगताना संकोच वाटतो, विशेषतः सोबत पाहुणे असले की. पण पहिल्या वाक्यातच विचारलं तर वेटरला त्याचं काहीच वाटत नाही. रोज विचारणारे असतात.

काटा खरा आहे का ते पाहायला एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली पुरते. पाणी एक किलो, बाटली आणि बूच धरून वीस-तीस ग्रॅम. काट्याने १,०२० ते १,०३०च्या आसपास दाखवलं तर ठीक. ११००च्या पुढे गेला तर काय ते समजा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, त्याचा शिक्का काट्यावर असतो. तो शोधायला लागलात की गल्ल्यावरचा माणूस आपोआप सरळ बोलू लागतो.

खेकड्यांचं गणित वेगळं आणि जास्त तोट्याचं. किलोभर खेकड्यांत खाण्याजोगं मास पाव किलो ते फार तर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. त्यात नांग्या बांधलेला काथ्या मुद्दाम पाण्यात भिजवलेला असतो आणि त्याचं वजन तुम्ही खेकड्याच्या भावाने भरता. जिवंत खेकड्याची दोरी सोडायला कोणी सांगणार नाही, पण तेवढीच ओली दोरी वेगळी ठेवून वजन करून वजा करायला सांगता येतं. नुकती कात टाकलेला खेकडा दिसायला मोठा, आतून पाणी. उलटा धरून पोटाकडच्या कवचावर, मागच्या पायांच्या मुळाशी, अंगठ्याने दाबा. दबला तर पोकळ, टणक लागला तर भरलेला. अवसेला खेकडा भरतो असं कोळीवाड्यात सांगतात. काही असो, अंगठा लावून घ्यावाच.

कोळंबीत डोकं-कवच धरून वजन असेल तर सोलल्यावर जेमतेम निम्मी उरते. ‘अर्धा किलो कोळंबी’ म्हणून तव्यावरून पाव किलो आली तर ती चोरी नव्हे. चोरी तेव्हा, जेव्हा भाव सोललेलीचा लावतात आणि वजन कवचासकट करतात. ‘सोललेली की कवचाची?’ एवढा एकच प्रश्न पुरतो.

आता बदलाबदली. ट्रेमधला मासा बऱ्याचदा नुसता दाखवण्याचा असतो. तो सकाळपासून टेबलाटेबलावर फिरतो आणि तुमच्या ताटात फ्रीजरमधली तुकडी येते. यावर जुना आणि बिनभांडणाचा उपाय आहे: ‘डोकं कालवणात टाका.’ सुरमईचं डोकं कालवणात गोडच लागतं, आणि डोकं टेबलावर आलं की मासा तोच आला. तुकड्याही मोजा. सव्वा किलोच्या सुरमईच्या बोटभर जाडीच्या दहा-बारा तुकड्या पडतात. आठ आल्या तर चार कुणाच्या तरी थाळीत गेल्या.

रवा आणि मसाला एकदा चढला की मासा ओळखणं अवघड जातं, पण अशक्य नाही. सुरमईच्या तुकडीत मधोमध एकच गोल मणका असतो, कातडी गुळगुळीत, चांदीसारखी, आणि शिजलेलं मास घट्ट असून पापुद्र्यांनी सुटतं. मास तपकिरी, बाजूला काळपट पट्टा आणि चव रक्ताळ असेल तर तो कुपा, म्हणजे ट्यूना. काटाच नाही, मणक्याच्या जागी कूर्चा (मऊ हाड) आणि कातडी हाताला खरखरीत, तर ती मोरी, म्हणजे लहान शार्क. मोरी वाईट नाही, मालवणात तिचं कालवण आवडीने खातात, पण तिचे सुरमईचे पैसे का द्यावेत? ‘बोनलेस रावस फ्राय’ मागवलं आणि कातडीशिवायचे, एकसारखे, पांढरे, पाणी सुटणारे तुकडे आले तर तो बहुतेक बासा, हा गोड्या पाण्यात पाळलेला मासा. रावसाचं मास कच्चं असताना किंचित गुलाबी झाक मारतं आणि मालवणी पद्धतीने करणारा तो काट्यासकटच कापतो.

पापलेटमध्ये गोंधळ सगळ्यात जास्त, कारण नाव मोठं, भाव मोठा. २०२३ मध्ये तर महाराष्ट्राने त्याला राज्यमासा ठरवला. त्याच्या जागी हलवा आला तर फसवणूक लहान, हलवाही चांगला मासा आहे. काळपट कातडी आणि शेपटीच्या मुळाशी हाताला लागणारी खरखरीत कड, ही त्याची खूण. खरा घोटाळा रूपचंदचा. हा तळ्यात वाढवलेला गोड्या पाण्याचा मासा, आकाराने अगदी पापलेट, भाव मात्र कितीतरी कमी. तो ओळखायचा तोंडावरून. पापलेटचं तोंड बारीक, मऊ. रूपचंदच्या जबड्यात माणसासारखे दात. शिवाय पोट तांबूस आणि पाठीचा पर व शेपटी यांच्यामध्ये एक छोटा मांसल पर. तळलेल्या माशाचं डोकं छाटून आणलं असेल तर ‘डोक्यासकट का नाही?’ हे विचाराच.

काही जण याला कंटाळून बंदरावर जाऊन मासे स्वतः घेतात. हर्णै बंदरात होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव होतो, आणि तो बघण्यासारखा आहेच. पण तिथली बोली टोपलीवर, ढिगावर लागते. एका सुरमईला लिलावाचा भाव नसतो. ‘लिलावाच्या भावात काढून देतो’ म्हणणारा मध्यस्थ स्वतःचा भाव लावतो. त्यापेक्षा कडेला वाटे लावून बसलेल्या मावशीकडे घ्यावेत, घासाघीस करावी, साफ करून देण्याचे पैसे आधी ठरवावेत. मग ‘तुमचे मासे आम्ही करून देतो’ वाल्या हॉटेलात द्यायचे असतील तर मजुरी किलोवर की तुकडीवर, तेल-मसाला त्यातच का, भाकरी-भात-सोलकढी वेगळी का, हे विचारून घ्या. तुकड्या मोजून द्या आणि पिशवीचा फोटो काढा. दुपारच्या गर्दीत दिलेले मासे दुसऱ्याच्या माशांत मिसळतात. बारा ते दोन टाळून, आधी सांगून ठेवलं तर हा प्रकार बराच कमी होतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना महाराष्ट्राच्या समुद्रात मासेमारीची बंदी असते. तरी जुलैच्या मध्यावर ‘फ्रेश सुरमई, फ्रेश पापलेट’ची पाटी झळकते. तो माल शीतगृहातला किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेला. खायला हरकत नाही, ताज्याचा भाव देऊ नये इतकंच. त्या दोन महिन्यांत खाडीतली कोळंबी, खेकडे, तिसऱ्या (शिंपले) मागाव्यात, नाहीतर सरळ सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) आमटी, सुक्या बोंबलांची चटणी, भाजलेला सुका बांगडा आणि उकड्या तांदळाची पेज. पावसाळ्यात कोकणातली माणसं हेच जेवतात. हे मागितल्यावर ‘आमच्याकडे नाही’ म्हणून पनीर सुचवणाऱ्या ‘घरगुती मालवणी खानावळी’चं घर मालवणात नाही, हे ओळखावं.

थाळीबद्दल थोडक्यात. ‘अनलिमिटेड’ म्हणजे भात, कढी आणि फार तर आमटी. मासा एकच, आणि तो बहुधा शेपटीकडचा. ‘तुकडी मधली देणार का?’ विचारलं तर निदान शेपूट येत नाही. सोलकढी कोकमाच्या आगळाची असेल तर रंग फिका गुलाबी. भडक गुलाबी असेल तर बहुधा बीट. आणि रिक्षावाला किंवा स्कुबाचा एजंट ज्या हॉटेलच्या दारात थेट उतरवतो, तिथल्या बिलात त्याचा वाटा असतोच. रस्त्यावर उतरून शंभर पावलं पुढे जा.

निघण्याआधीच होणारी फसवणूक वेगळी, तिथे काटा नसतो, मोबाइल असतो. नकाशावर खानावळीच्या किंवा होमस्टेच्या नोंदीत कोणीतरी आपला नंबर घुसवतो आणि ‘जेवणासकट बुकिंग, अर्धे आत्ता भरा’ म्हणून क्यूआर पाठवतो. नावाजलेल्या थाळीची ‘एकावर एक फ्री’ जाहिरात हीही त्यातलीच. दुवा दाबायला लावतात, मग कार्डाचा नंबर आणि ओटीपी मागतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, त्यामुळे ‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हटलं की फोन ठेवा. होमस्टेवाल्याला व्हिडिओ कॉल करायला सांगा. खऱ्या घरात मागे चूल, अंगण, कुत्रं, सगळं दिसतं. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, लगेच फोन. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बिल आलं की शेवटचा घोळ तळाशी असतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. १८ टक्के लावले असतील तर ते ७,५०० रुपयांहून महाग खोल्या असलेल्या हॉटेलातलं रेस्टॉरंट आहे का, पाहा. कर घेतला तर पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी नंबर बिलावर हवाच; महाराष्ट्रातला २७ने, गोव्यातला ३०ने सुरू होतो. लहान व्यावसायिकांसाठीच्या ‘कंपोझिशन’ करयोजनेतल्या हॉटेलाला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही, तसं त्याने बिलावर लिहायचं असतं. सर्व्हिस चार्ज आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये कायम ठेवली. ‘काढा’ म्हटलं की काढतात. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका. टेबलावर वाढलेल्या बाटलीला हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आहे. वीस रुपयांवर घसा कोरडा करून लोक सुरमईच्या अडीच हजारांकडे बघत नाहीत.

जास्त लावलेले पैसे तिथेच परत मिळवायचे तर आवाज चढवून फारसं काही होत नाही. ट्रेचा आणि काट्याचा फोटो, आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि बिल टेबलावर ठेवा, मालकाला बोलवा, वेटरला मध्ये घेऊ नका. मालक नाहीच म्हणाला तर पैसे यूपीआयने द्या, म्हणजे कुणाला आणि किती दिले याची नोंद राहते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर तक्रार नोंदवा. काट्याची तक्रार वैधमापनकडे, शिळ्या माशाची अन्न व औषध प्रशासनाकडे. बिलावर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक असतो, तक्रारीत तो टाकावा. लहान खानावळ छापील बिल देत नसेल तर कागदाच्या चिटोऱ्यावर माशाचं नाव, वजन, भाव आणि तारीख लिहून खाली सही घ्या. ‘मासे – २,५२०’ एवढंच लिहिलेला कागद तक्रारीत फारसा कामाला येत नाही.