कोल्ड रूमसाठी पीटी-१०० घ्यावा की थर्मिस्टर?

औषधांची कोल्ड रूम २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. तिथे सेन्सर एक-दीड अंशानं चुकला तरी माल धोक्यात येतो, म्हणून सेन्सर निवडताना घाई नको.

थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर, बाजूला ठेवा. त्यातल्या नेहमीच्या के टाइपचा टॉलरन्सच, म्हणजे कारखान्यातूनच धरलेली चूक, ±१.५ ते २.५ अंश. भट्टीला तो उत्तम, इथे नाही.

उरले दोन. दोघेही रेझिस्टन्सवरून तापमान सांगतात: पीटी-१०० प्लॅटिनमचा, शून्य अंशाला १०० ओहमचा; एनटीसी थर्मिस्टरचा रेझिस्टन्स मात्र तापमान वाढलं की कमी होतो. १० किलो-ओहमचा एनटीसी थर्मिस्टर स्वस्त, आणि वायर लांब गेली तरी बिघडत नाही, कारण अंशामागे त्याचा रेझिस्टन्स शेकडो ओहमनी बदलतो. पीटी-१००चा बदलतो फक्त ०.३८५ ओहम. दोन वायरींचा पीटी-१०० घेऊन डिस्प्ले १५ मीटरवर लावला, तर ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतच जाऊन-येऊन साधारण १ ओहम वाढतो आणि आकडा अडीच-पावणेतीन अंश जास्त दिसतो. पुष्कळ जण ऑफसेट टाकून, म्हणजे डिस्प्लेत तेवढे अंश वजा करायला लावून, मोकळे होतात. पण वायर गच्चीवरून गेली असेल तर मे महिन्याच्या दुपारी ती तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि आकडा पुन्हा सरकतो. तीन वायरींच्या जोडणीत, तिन्ही सारख्या लांबी-जाडीच्या असतील तर, ही चूक निघून जाते. चार वायरींत तीही अट नाही.

मग थर्मिस्टरच का नाही? मुंबईचा पावसाळा. जुलैत शिवडीकडच्या एका कोल्ड रूमचा जंक्शन बॉक्स (वायरी जोडायची डबी) उघडला, तर झाकणाला आतून थेंब लोंबत होते आणि टर्मिनलवर हिरवट थर चढला होता. ५ अंशांना थर्मिस्टरचा रेझिस्टन्स २५ किलो-ओहमच्या आसपास असतो. ओलीमुळे दोन टर्मिनलांमध्ये १ मेगाओहमची गळती झाली तरी तो अर्धा अंश गरम दाखवतो. तेवढ्याच गळतीनं पीटी-१००चा आकडा ०.०३ अंशही हलत नाही. शिवाय इपॉक्सीचं (रेझिनचं) आवरण असलेल्या थर्मिस्टरमध्ये ओल शिरली की तो हळूहळू भरकटतो. घ्यायचाच तर काचेत बंद केलेला घ्या. दुकानातल्या फ्रिजला, दोन मीटर वायरीवर, तो पुरेसा आहे.

कोल्ड रूमला मात्र क्लास ए (जास्त अचूक दर्जाचा), तीन वायरींचा पीटी-१००च घ्या. ५ अंशांना त्याचा टॉलरन्स ±०.१६ अंश, क्लास बीचा जवळजवळ दुप्पट. केबल ग्लँड, म्हणजे वायर बॉक्समध्ये शिरते तिथलं सील, चांगली घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पावसाळ्याआधी आणि नंतर सेन्सर बर्फात तपासा. डिस्टिल्ड वॉटरच्या बर्फाचा चुरा थर्मॉसमध्ये ठासून भरा, फटींत तेच थंड पाणी ओता, प्रोब (सेन्सरची कांडी) तळाला न टेकवता मधोमध पंधरा मिनिटं ठेवा. आलेला आकडा तारखेसह वहीत लिहा. ऑक्टोबरात तो जूनपेक्षा वेगळा आला, तर नवा सेन्सर मागवण्याआधी जंक्शन बॉक्स उघडून टर्मिनल कोरडी करा आणि प्रोब पुन्हा बर्फात घाला.